अजिंठ्याची लेणी व वाघोरा नदीचे पात्र

खानदेशाच्या दक्षिण सीमेवरील डोंगरात वाघोरा नदीने नालाकृती वळण घेतले आहे. त्या वळणावरील सुमारे ७६ मीटर उंचीच्या कड्यात अजिंठ्याची ३० लेणी खोदलेली आहेत. त्यांना जोडणारी आजची वाट अर्वाचीन होय; मूळ रचनेत लेण्यांपासून पात्रापर्यंत स्वतंत्र पायऱ्या उतरत असत. त्यांतील काहींचेच अवशेष आता उरले आहेत. वाकाटक नृपती हरिषेणाचा सचिव वराहदेव याने करविलेल्या सोळाव्या लेण्याच्या पायथ्याशी हत्तींच्या शिल्पांचे द्वार आहे. त्याचे प्रयोजन नदीकडून चढणाऱ्यासच उमगते. आजचा प्रेक्षक मात्र संग्रहालयाच्या दालनांप्रमाणे एकामागून एक लेणी पाहत जातो, व पाण्यापासून चित्रापर्यंतचा मूळ क्रम त्याच्या दृष्टीआड राहतो. नदीकाठी कलासंग्रहालय योजणाऱ्या स्थपतीने प्रथम या लुप्त पायऱ्यांचा अभ्यास करणे अगत्याचे आहे.