गाडी नगरची, नंबर परराज्याचा

1 जून 1948 रोजी एसटीची पहिली बस पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, तेव्हा नगर (आताचे अहिल्यानगर) हा सरहद्दीचा जिल्हा होता. प्रवरासंगमाजवळ गोदावरी ओलांडली की निजामाचे हैदराबाद राज्य लागे. जामखेडच्या बाजूला तर हद्द गावागावांत गुंतलेली होती. पलीकडची जकात, म्हणजे निजामाची करोडगिरी, वेगळी होती. त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबाद भारतात विलीन झाले, पण राज्य म्हणून ते वेगळेच राहिले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा आणि विदर्भ मुंबई राज्यात आले आणि एकाच सरकारच्या हाती मोटारकराचे निरनिराळे कायदे पडले: मुंबईचा 1935 चा, मध्य प्रांत-वऱ्हाडचा 1947 चा आणि हैदराबादचा आणखी वेगळा. 1958 च्या मुंबई मोटार वाहन कर कायद्याने ही सगळी कापडे एका धाग्यात शिवली. अलीकडच्या नेवाशाच्या गाडीमालकाने पलीकडच्या गंगापूरचा पत्ता देऊन करात काही मिळवावे असे त्यानंतर कारणच राहिले नाही. नाक्यावरचा पहारा वाढला म्हणून हे झाले नाही. कायदा एक झाला म्हणून झाले. परराज्यात गाडी नोंदवून कर वाचवण्याच्या आजच्या प्रकारावरही हाच इलाज आहे, असे माझे म्हणणे आहे.

हा प्रकार काही आपल्यापुरता नाही. अमेरिकेत माँटाना राज्यात विक्रीकर नाही, म्हणून दुसऱ्या राज्यातले लोक तिथे कागदोपत्री कंपनी काढून महागडी गाडी तिच्या नावावर घेतात. आपल्याकडे पुदुच्चेरीचा कर कमी, म्हणून शेजारच्या राज्यांतल्या आलिशान गाड्या तिथल्या तात्पुरत्या पत्त्यांवर नोंदवल्या गेल्या. 2017 मध्ये केरळात ही प्रकरणे चांगलीच गाजली. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला किमतीनुसार 11 ते 13 टक्के एकरकमी कर बसतो, डिझेलला 13 ते 15, आणि कंपनीच्या नावावर गाडी घेतली तर 20 टक्के. म्हणजे कंपनीचा आडोसा इथे उलट महागात पडतो, आणि तो घ्यायचाच तर राज्याबाहेर जावे लागते. 1988 चा मोटार वाहन कायदा याबाबत स्पष्ट आहे. गाडी एरवी जिथे उभी असते, त्या राज्यातल्या घराच्या किंवा धंद्याच्या पत्त्यावर नोंदणी हवी; बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात राहिली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. खोटा पत्ता देणाऱ्याची गाडी नगरच्या रस्त्यावर धावते, तिच्यासाठी सिग्नलवर उभा राहणारा पोलीस इथला असतो, आणि कर मात्र भलत्याच तिजोरीत जातो. हे मला अन्यायाचे वाटते.

वाहनकर हा राज्यघटनेने राज्यांना दिलेला अधिकार आहे, तो काढून घेणे बरे नव्हे, असा आक्षेप येईल. तो खरा आहे, पण अर्धाच. त्याच घटनेच्या समवर्ती सूचीत हा कर कोणत्या तत्त्वांवर घ्यावा हे ठरवण्याची मुभा संसदेला दिलेली आहे. आणि देशभर एकच नियम चालू शकतो, याचा दाखला नगरमध्येच आहे. इथली व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची संस्था केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या अधिकृत चाचणी संस्थांपैकी एक आहे. तिने मान्य केलेले मॉडेल देशभर चालते. ब्रेक आणि धूर यांची कसोटी साऱ्या देशाला एक असू शकते, तर कराची निदान किमान पातळी का नसावी?

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. नगरला लष्कराच्या आर्मर्ड कोअरचे केंद्र आहे; पंजाब, हरियाणा, तामिळनाडूच्या नंबरांच्या गाड्या इथे लबाडीने नव्हे, बदलीमुळे येतात. अशा मालकाला आधीच्या आरटीओकडून एनओसी आणायची, चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिलीने घासून ठसा घ्यायचा, इथे नव्याने कर भरायचा आणि मग जुन्या राज्याकडे परताव्यासाठी अर्ज करून वाट बघायची. कायदा पाळणाऱ्याला हा त्रास होतो, हे मान्यच केले पाहिजे. सप्टेंबर 2021 मध्ये आलेल्या बीएच मालिकेने त्यावर नेमका उतारा काढला: देशभर एकच नंबर, दोन-दोन वर्षांचा कर आणि किमतीनुसार ठरलेला एकच दर. मात्र ती सैनिक, सरकारी कर्मचारी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे नोकर यांच्यापुरती आहे. स्वतःच्या धंद्यापायी राज्य बदलणाऱ्याला ती मिळत नाही. ती त्याच्यासाठीही खुली व्हावी, आणि कराची किमान पातळी संसदेने त्याच वेळी ठरवावी.