बार्शी लाइटचे पाच टन

मिरज जंक्शनात बरीच वर्षे तीन मापांचे रूळ होते. पुण्याहून सातारा, कऱ्हाडमार्गे येणारी मीटरगेज १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाली. लोंढ्याकडे मीटरगेज तशीच राहिली आणि पंढरपूरकडून यायची ती अडीच फुटी बार्शी लाइट. आज बोलायचे आहे ते या धाकट्या बहिणीविषयी.

१८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून ती बार्शीपर्यंत धावू लागली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा तिचा इंग्रज इंजिनिअर. मुलूख कोरडवाहू, भांडवल बेताचे. म्हणून रूळ हलके, वारामागे तीस पौंडांचे. पण हलक्या रुळांवर जड इंजिन चालायचे कसे? त्याने नियमच घातला : इंजिन असो वा डबा, कुठल्याही आसावर पाच टनांहून अधिक भार नको. त्यासाठी लीड्सच्या किटसन कारखान्याने खास इंजिने घडवली. आठ चाके दांड्यांनी एकमेकांना जोडलेली, मागे आणखी चार. वजन वाटले गेले, ओढ मात्र आठही चाकांची. पुढे इंग्लंडातल्या लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेसाठी कॅलथ्रॉपने हाच अनुभव वापरला. म्हणजे बार्शीचा धडा विलायतेने गिरवला!

ही गाडी १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. आरग, बेळंकी, सलगरे, कवठेमहांकाळ ही दुष्काळी गावे रुळाला लागली. १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेतली. आषाढीला टपावरसुद्धा वारकरी बसलेले मी पाहिले आहेत. मीरासाहेबांच्या उरुसालाही याच गाडीने माणसे उतरत. तिकीट एकाच खिडकीवर मिळे.

तिच्या संथपणावर विनोद पुष्कळ झाले. खरी अडचण वेगळी होती. मिरजेत माप बदले, म्हणून प्रत्येक पोते हमालांच्या पाठीवरून या डब्यातून त्या डब्यात जाई. त्यात वेळ जाई, पैसा जाई. हमालांची चूल मात्र त्यावरच पेटे.

२००२ पासून टप्प्याटप्प्याने, दशकभरात, हा सारा मार्ग ब्रॉडगेज झाला. आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानेने व्याकूळ असताना मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन जलदूत गाडी निघाली. अंतर ३४२ किलोमीटर. पहिल्या गाडीला दहा टाक्या, एकेकीत सुमारे पन्नास हजार लिटर, म्हणजे पन्नास टन पाणी. कॅलथ्रॉपच्या नियमाने चार आसांचा डबा मालासकट वीस टनांच्या वर जाऊ शकत नव्हता. जुन्या रुळांवर ही गाडी चाललीच नसती.

म्हणून मी त्या इंजिनांसाठी नुसता हळहळत नाही. गरीब मुलखाला परवडेल एवढीच रेल्वे त्यांनी दिली, पण मिरज आणि लातूर एकमेकांना जोडून ठेवले. शंभर वर्षांनी पाणी गेले, ते त्या जोडणीवरूनच.