नव्या जिवाला जुने लुगडे : एका मराठी भेटीचा इतिहास

१/ घरात बाळ जन्माला आले की पहिल्या दिवसापासून त्याच्या अंगाला नवे कोरे कापड लागू द्यायचे नाही, ही रीत महाराष्ट्रातील असंख्य घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली. बाळाची पहिली भेट जुनी असे: आजीच्या विरलेल्या लुगड्याचे बाळोते, नाहीतर थोरल्या भावंडाचे झबले. या जुनेपणामागे गरिबी होती, भीती होती आणि शहाणपणही होते.

२/ जालना जिल्ह्यातील परतूर तालुक्यात आष्टी हे गाव आहे. भोवती काळी कसदार जमीन आणि कापसाचे पीक. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, पुढे परभणी जिल्ह्यात राहिला आणि १ मे १९८१ रोजी नव्याने झालेल्या जालना जिल्ह्यात आला. कापूस शेतात पिकत असला तरी शेतकऱ्याच्या घरात नवे कापड वर्षाकाठी मोजकेच येई. म्हणून आलेल्या प्रत्येक वस्त्राला अनेक जन्म घ्यावे लागत.

३/ नऊवारी लुगडे मध्यभागी आधी विरते. तो भाग कापून दोन्ही धड टोके एकमेकांना जोडली जात. याला ‘दंड घालणे’ म्हणत. तेही फाटले की त्यातून मुलीचे परकर निघत, बाळाची झबली, दुपटी आणि बाळोती निघत. उरलेली धडुती गोधडीच्या पोटात जात. अखेरीस चिंधीचे पोतेरे होई आणि त्याने चूल सारवली जाई. वस्त्र टाकून देण्याची वेळ जवळजवळ येतच नसे.

४/ बाळासाठी जुनेच कापड का? कोऱ्या कापडाला खळ असते. ते ताठ असते आणि पाणी चटकन शोषत नाही. शेकडो वेळा धुतलेल्या सुती लुगड्यातली खळ निघून जाते, धागा मऊ पडतो, ओल लगेच टिपली जाते. नवजात त्वचेला असेच कापड मानवते. आजीने कारण सांगितले नसेल, पण बोटांना ते ठाऊक होते. मात्र जुने म्हणजे मळके नव्हे. अस्वच्छ कापडातून होणाऱ्या संसर्गाने किती बाळे दगावली असतील, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

५/ दुसरे कारण भीतीचे. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात जन्मणाऱ्या दर पाच मुलांपैकी सुमारे एक मूल पहिला वाढदिवस पाहत नसे. देवी, पटकी, हगवण यांपुढे आई हतबल होती. आधीची मुले गेली असतील तर नव्या बाळाचे नाव दगडू, धोंडू, भिकू असे ठेवत. या नावांमागे एक भाबडा कावा होता: हे मूल मोलाचे नाही, मागून आणलेले आहे, असे मृत्यूला भासवायचे. दुसऱ्यांच्या घरून मागून आणलेले जुने झबले हा त्याच काव्याचा भाग. जगलेल्या मुलाचे कापड घातले की हेही जगेल, अशी आशा त्या टाक्यांत असे.

६/ पाचवी-सटवीची रात्र सरली आणि बारसे आले की मग नव्या कापडाचा मान. आत्या नाव ठेवी. कुंची, टोपडे, झबले यांचा बाळंतविडा येई. जुन्याने बाळाला राखायचे आणि नव्याने मिरवायचे, असा हा क्रम होता.

७/ थोड्या मोठ्या मुलासाठी खरी नवलाई गोधडीची. दुपारच्या सवडीत आजी-मावश्या ठिगळे जुळवीत, लांब धाव-टाके घालीत. गोधडी अंथरली की मूल ठिगळे ओळखू लागे: हे आईचे लुगडे, हा आजोबांचा पटका, हे आपलेच लहानपणीचे झबले. अक्षर न शिकलेल्या बायकांनी लिहिलेला हा कुटुंबाचा इतिहास होता आणि मूल तो पांघरून झोपे.

८/ १९७२ चा दुष्काळ मराठवाड्याने विशेष सोसला. हजारो स्त्रिया रस्त्यांच्या आणि बांधबंदिस्तीच्या कामांवर खडी फोडत होत्या. खायला परदेशातून आलेली मिलो ज्वारी आणि वाटपाची सुकडी. तान्ही मुले तिथेच, जवळच्या बाभळीला टांगलेल्या झोळीत. झोळी कशाची? आईच्या जुन्या लुगड्याची.

९/ पण प्रत्येक जुने कापड ही भेट नव्हती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रे वापरावीत, असे सांगितले आहे. गावगाड्यात प्रेतावरचे कापड हा महारांचा ‘हक्क’ मानला जाई. तिथे जुने वस्त्र मायेची खूण नव्हते. पायरी दाखवण्याचे साधन होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या निमित्ताने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना आवाहन केले: हीनपणाची ओळख सांगणारी पेहरावाची रीत सोडा, स्वच्छ आणि नीटनेटके राहा. वस्त्राचा प्रश्न स्वाभिमानाचा आहे, हे त्यांनी नेमके हेरले होते.

१०/ दोन्ही ठिकाणी कापड जुनेच, फरक नात्याचा. ‘तू आमचा’ म्हणून दिलेले झबले मुलाला ऊब देते, ‘तू खालचा’ म्हणून टाकलेले कापड माणसाला पिढ्यान्‌पिढ्या गारठवते. जुन्या वस्तूंच्या इतिहासात ‘काय दिले’ याइतकेच ‘कोणी, कोणाला आणि कसे दिले’ हे महत्त्वाचे ठरते.

११/ आज आष्टीसारख्या गावांच्या बाजारातही तयार कपडे आणि गिरणीची ब्लँकेटे मिळतात, तरी अनेक घरांत ट्रंकेच्या तळाशी एखादी गोधडी असतेच. ती उलगडून घरातील थोरल्या बाईला एकेका ठिगळाविषयी विचारावे. कोणत्याही दप्तरात न सापडणारा इतिहास तिच्या बोटाखाली उलगडत जाईल. मात्र तो सांगणारी माणसे फार काळ थांबणार नाहीत.