दाखल्याची गोष्ट

आमच्या खडकीत नोकरीची मुलाखत म्हटली की घरात पहिली शोधाशोध होते ती कागदांची. 1869 साली इथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला, तेव्हापासून ही वस्ती नोकरदारांची. आयटीआयचे प्रमाणपत्र, शिकाऊ उमेदवारीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, साऱ्यांच्या मूळ प्रती आणि वर झेरॉक्स. पूर्वी ही पिशवी मुलग्यांसाठी भरली जाई, हल्ली मुलींसाठीही भरतात. मंडळाने स्मरणिकेसाठी लिहावयास सांगितले तेव्हा मनात आले, बायकांच्या हाती हे कागद आले कसे आणि आल्यावर ते कोणी मानले का, हेच लिहावे. मी सातवीपर्यंत शिकलेली. भगिनींनी सांभाळून घ्यावे.

सातवीचेच आधी सांगते. एके काळी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झाले की प्राथमिक शाळेत मास्तरकी मिळत असे. मुलाखतीला तो एक दाखला पुरे. माझ्या सातवीवर आज कोणी शिपायाची जागासुद्धा देणार नाही. म्हणजे कागदाचे मोल कागदात नसते, समोरचा ठरवील तेवढेच असते. बायकांच्या बाबतीत तर समोरच्याने ते पुष्कळ वर्षे ठरवलेच नाही.

होळकर पुलावरून मुळा ओलांडून येरवड्याच्या बाजूला गेले की डेक्कन कॉलेजची दगडी इमारत लागते. आपल्यापैकी कितीजणी तिच्यावरून रोज रिक्षाने जातात! टिळक आणि आगरकर तिथेच शिकले, हे सर्वांना ठाऊक आहे. कॉर्नेलिया सोराबजी तिथेच शिकल्या, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांचा जन्म 1866 सालचा, नाशिकचा. वडील पारशी घरातले पण ख्रिस्ती झालेले. आईने पुण्यात शाळा चालवली. मुंबई विद्यापीठाने 1883 साली पदवीच्या परीक्षा बायकांना खुल्या केल्या, आणि मुलांनी भरलेल्या त्या कॉलेजात ही एकटी मुलगी जाऊन बसू लागली. 1887-88 च्या सुमारास त्या पहिल्या वर्गात पास झाल्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री पदवीधर.

परीक्षेत वर आलेल्या विद्यार्थ्याला विलायतेत शिकावयास सरकारी शिष्यवृत्ती मिळे. गुण होते, कागद होता. पण ती शिष्यवृत्ती मुलीसाठी नाही, असे त्यांना सांगण्यात आले. मग काही काळ अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात त्यांनी इंग्रजी शिकवले, तेही मुलग्यांना. मला ही गोष्ट मोठी गमतीची वाटते. मुलग्यांना शिकवण्यापुरती बाईची पदवी चालली, शिष्यवृत्तीपुरती चालली नाही.

पुढे विलायतेतल्या काही लोकांनी वर्गणी काढली. त्यांत जखमी सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईही होत्या. 1889 साली कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डला गेल्या आणि 1892 साली कायद्याची वरची परीक्षा देणारी तिथली पहिली स्त्री ठरल्या. पास झाल्या, पण पदवी काही हाती आली नाही. बायकांना पदवी द्यावयाचीच नाही, असा त्या विद्यापीठाचा नियम होता. तो 1920 साली बदलला, आणि बाईंना आपली पदवी 1922 साली मिळाली. तीस वर्षे! एवढ्या काळात आपल्याकडे सून सासू होते.

मधल्या काळात त्या स्वस्थ बसल्या नव्हत्या. 1897 साली मुंबईची एलएल.बी. केली, 1899 साली अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा दिली. इतके दाखले जमवूनही कोर्टात उभे राहण्याची परवानगी नव्हती. 1904 साली बंगालात सरकारी नेमणूक मिळाली. पडद्यात राहणाऱ्या विधवा आणि पोरकी मुले यांच्या इस्टेटींचे काम त्या पाहू लागल्या. पुरुष वकिलाला जिथे उंबरा ओलांडता येत नसे तिथे बाई आत जाऊन बसे. अखेर 1921 साली अलाहाबादने त्यांची वकील म्हणून नोंद केली आणि 1923 च्या कायद्याने साऱ्याच बायकांना ती वाट मोकळी झाली.

दुसरी हकीकत आपल्या अण्णासाहेब कर्व्यांची. 1916 साली त्यांनी महिला विद्यापीठ काढले आणि मराठीतून पदवी दिली. तिचे नाव ‘गृहीतागमा’. ठाकरसी शेटजींनी 1920 साली पंधरा लाखांची देणगी दिली. पण कायद्याने विद्यापीठ म्हणून मान्यता मिळाली 1951 साली. तोवर पस्तीस वर्षे ज्या मुली शिकून बाहेर पडल्या, त्यांच्या हातातल्या कागदामागे सरकारचा कायदा नव्हता. तरी त्या शिकल्या. मला कॉर्नेलियाबाईंपेक्षाही या बिननावाच्या मुलींचे जास्त कौतुक वाटते. कारण त्यांच्यासाठी विलायतेत कोणी वर्गणी काढली नव्हती.

आज दाखला मुलीच्या हाती येतो आणि मानलाही जातो. पण नवा घोटाळा नावाचा. आमच्या शेजारच्या सूनबाई नर्सिंग शिकलेल्या. एका ठिकाणी मुलाखतीला गेल्या तर प्रमाणपत्रावर नाव माहेरचे, आधार कार्डावर सासरचे. ‘ही बाई तुम्हीच कशावरून?’ असे विचारून परत पाठवले. विवाह नोंदणीचा दाखला काढला, राजपत्रात नाव बदलल्याची नोंद केली, आणि तोवर ती जागा भरली गेली. त्यांच्या नवऱ्याचे नाव कधी बदललेच नाही, म्हणून त्याला हा प्रश्न कोणी विचारणार नाही.

सूनबाईंना पुढे दुसरीकडे काम लागले. आता मुलाखतीला जाणाऱ्या गल्लीतल्या मुली आधी त्यांच्याकडे फाइल दाखवून जातात. विवाह नोंदणीचा कागद त्या सर्वांत वर ठेवायला लावतात. मूळ प्रत नुसती दाखवावयाची, हातची सोडावयाची नाही, असेही बजावतात. गेल्या महिन्यात कारखान्याच्या शिकाऊ उमेदवारीसाठी दोन मुली गेल्या, त्यांच्या फायली त्यांनीच लावून दिल्या.