यंगर कुटुंबाचे घर आणि वॉशिंग्टनचे कायदे

लॉरेन हॅन्सबेरीचे 'अ रेझिन इन द सन' हे नाटक वर्गात शिकवताना भर असतो तो स्वप्नभंगावर, दोन पिढ्यांमधील संघर्षावर आणि वॉल्टर ली यंगरच्या अखेरच्या नकारावर. हे सारे नाटकात आहेच. परंतु ज्या घरासाठी एवढा संघर्ष चालतो ते घर 'तिथे' का आहे आणि यंगर कुटुंब 'इथे' का अडकले आहे, हा साधा प्रश्न सहसा बाजूलाच राहतो. त्याचे उत्तर नाट्यशास्त्रात सापडत नाही. त्यासाठी अमेरिकेच्या संघीय सरकारने १९३३ नंतरच्या पाव शतकात केलेले कायदे पाहावे लागतात.

महामंदीत लक्षावधी घरे जप्तीच्या उंबरठ्यावर आली, तेव्हा १९३३ मध्ये 'होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन' ही संस्था स्थापन झाली. तिने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे करून वस्त्यांना चार श्रेणी दिल्या. हिरवा रंग उत्तम, निळा आणि पिवळा मधले, आणि लाल म्हणजे धोक्याची वस्ती. कृष्णवर्णीयांची वस्ती जवळजवळ नेहमीच लाल. या नकाशांचा प्रत्यक्ष परिणाम किती, याविषयी अलीकडे अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र १९३४ च्या कायद्याने जन्माला आलेल्या 'फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन'विषयी फारशी शंका उरत नाही. ही संस्था स्वतः कर्ज देत नसे. ती कर्जाचा विमा उतरवी. त्यामुळे थोड्या आगाऊ रकमेवर आणि दीर्घ मुदतीच्या हप्त्यांवर घर घेणे प्रथमच सामान्यांच्या आवाक्यात आले. पण तिच्या नियमपुस्तिकेत वांशिक मिश्रण हा मालमत्तेच्या किमतीला धोका मानलेला होता, आणि गौरेतरांना घर न विकण्याचे करार तिथे इष्ट ठरवले होते.

हे करार हॅन्सबेरीने पुस्तकातून जाणले नव्हते. १९३७ मध्ये तिचे वडील कार्ल हॅन्सबेरी यांनी शिकागोच्या दक्षिण भागात, अशाच कराराने बांधलेल्या वस्तीत घर घेतले. जमावाने घरावर हल्ला केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९४० मध्ये 'हॅन्सबेरी विरुद्ध ली' या खटल्याचा निकाल कुटुंबाच्या बाजूने लागला. परंतु तो तांत्रिक मुद्द्यावर: आधीच्या ज्या दाव्यात हे कुटुंब पक्षकारच नव्हते, त्याचा निकाल त्यांच्यावर बंधनकारक नाही, एवढेच न्यायालय म्हणाले. असे करार न्यायालयांनी अमलात आणू नयेत, हे ठरायला १९४८ उजाडावे लागले. कार्ल हॅन्सबेरी तोवर हयात नव्हते.

ही पार्श्वभूमी हाताशी ठेवून नाटक पुन्हा वाचावे. कृष्णवर्णीयांसाठी दूरवर बांधलेली घरे दुप्पट महाग पडतात, हे लीना यंगर सहज सांगून जाते. ते आईच्या काटकसरीचे बोलणे वाटते. वस्तुतः ते त्या वेळच्या शिकागोचे अचूक अर्थशास्त्र आहे. विमा नाही म्हणून कर्ज नाही, आणि कर्ज नाही म्हणून अनेकांना घर 'कराराने' घ्यावे लागे. त्यात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी विकणाऱ्याकडेच राही; एक हप्ता चुकला तरी घर हातचे जाऊ शके. आणि कार्ल लिंडनर? तो सौम्य बोलतो, आवाज चढवत नाही, पैसे देऊ करतो. त्याची सभ्यता ही नाटककर्तीची नेमकी निवड आहे. कारण त्याचा पूर्वग्रह केवळ त्याचा एकट्याचा नाही; तीच भाषा सरकारी पुस्तिकेत छापलेली आहे.

नाटक रंगभूमीवर आले १९५९ मध्ये, आणि तोवर दुसरा अध्याय सुरू झाला होता. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने जुन्या वस्त्या पाडून जमीन मोकळी करण्याच्या निव्वळ खर्चाचा दोन-तृतीयांश भार संघीय सरकारने उचलला. १९५६ च्या महामार्ग कायद्याने आंतरराज्य रस्त्यांसाठी रुपयातले नव्वद पैसे द्यायचे ठरवले. कोणती वस्ती पाडायची, रस्ता कुठून न्यायचा, हे बहुतांशी स्थानिक आणि राज्याचे अधिकारी ठरवीत. पण एवढा पैसा समोर असताना नकाशा त्या पैशाच्या दिशेनेच वळणार. बॉस्टनची 'वेस्ट एंड' ही मुख्यतः इटालियन कष्टकऱ्यांची वस्ती अशीच भुईसपाट झाली. ती पाडली जाण्यापूर्वी हर्बर्ट गान्स तिथे राहिला आणि १९६२ मध्ये त्याने तिच्यावर 'द अर्बन व्हिलेजर्स' लिहिले. त्याच्या आदल्याच वर्षी जेन जेकब्सचे पुस्तक आले होते. बाहेरून 'झोपडपट्टी' दिसणाऱ्या जागी आत एक घट्ट विणलेला समाज असतो, हे दोघांनीही दाखवून दिले.

सारा दोष वॉशिंग्टनचा, असे मात्र म्हणता येणार नाही. द्वेष आधीपासून होता, करारही होते. संघीय धोरणाने त्यांना श्रेणी, नियम आणि निधी दिला. गल्लीतला पूर्वग्रह देशभरचा दंडक झाला. त्याच संघीय सत्तेने १९६८ मध्ये घरांच्या व्यवहारातील भेदभाव बेकायदा ठरवला, हेही नोंदवले पाहिजे. मात्र मधल्या तीन दशकांत ज्यांना घर घेता आले त्यांची घरे मुलांना वारशाने मिळाली, आणि ज्यांना नाकारले गेले त्यांच्या मुलांना भाड्याच्या पावत्या.

दलित आत्मकथने वाचलेल्या मराठी वाचकाला घराचा पत्ता हाच निवाडा असू शकतो हे समजावून सांगावे लागत नाही. गावकुसाची रेषा परंपरेने आखलेली होती. शिकागोची रेषा विसाव्या शतकात, आधुनिक नियोजनाच्या नावाने, सरकारी कागदावर उमटली. म्हणूनच ती अधिक बारकाईने वाचायला हवी. नाटकाच्या अखेरीस लीना आपले खुरटलेले रोपटे घ्यायला परत येते आणि पडदा पडतो. नव्या घरी पुढे काय घडले हे हॅन्सबेरी सांगत नाही. तिच्या बालपणीच्या घराचा इतिहास ठाऊक असलेल्या वाचकाला ते सांगण्याची गरजही उरत नाही.