पीएचपी आवृत्तीबदल आणि सर्व्हर-देखरेख प्रणालीतील डेटाबेस त्रुटी

पीएचपी या संगणक भाषेची नवी आवृत्ती बसवल्यानंतर, तिच्यावर आधारलेल्या सर्व्हर-देखरेख प्रणालीचा डेटाबेसशी असलेला संपर्क काही वेळा तुटतो किंवा सदोष होतो. अशा वेळी देखरेखीखालील सर्व्हर चालूच राहतात. मात्र त्यांतील बिघाड कळवणारी यंत्रणा बंद पडू शकते. इशारा आला नाही म्हणजे सर्व सुरळीत आहे, असा गैरसमज हा यातील मुख्य धोका होय.

बाधित होणारे भाग

इयान बेरी यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या कॅक्टाय या प्रणालीत वेब पृष्ठे आणि नोंदी गोळा करणारा ‘पोलर’ हे दोन्ही पीएचपीवर अवलंबून असतात. त्यामुळे संपर्क तुटल्यास नोंदी घेणेच थांबते. आलेखासाठी वापरल्या जाणाऱ्या आरआरडीटूल संचिकांत त्या काळाची जागा रिकामी राहते व ती नंतर आपोआप भरत नाही. झॅबिक्स या प्रणालीचा मुख्य सर्व्हर सी भाषेत असून केवळ वेब पृष्ठे पीएचपीत आहेत. म्हणून तेथे पडदा बंद पडला तरी नोंदी सुरू राहू शकतात.

कारणे

* कालबाह्य जोडणी: पीएचपीचा मूळ ‘मायएसक्यूएल’ विस्तार ५.५ आवृत्तीत (२०१३) कालबाह्य ठरवण्यात आला आणि ७.० मध्ये (डिसेंबर २०१५) काढून टाकण्यात आला. त्यावर विसंबलेल्या जुन्या प्रणालींना ‘मायएसक्यूएलआय’ किंवा ‘पीडीओ’ विस्ताराकडे वळावे लागले.
* विस्तार नसणे: डेबियन व उबुंटूमध्ये डेटाबेस विस्तार पीएचपीच्या प्रत्येक आवृत्तीसाठी स्वतंत्रपणे बसवावा लागतो.
* प्रमाणीकरण: मायएसक्यूएल ८.० (२०१८) ने परवलीचा शब्द तपासण्याची मूलभूत पद्धत बदलली. ती न ओळखणाऱ्या जुन्या पीएचपीत २०५४ क्रमांकाची त्रुटी दिसते.
* त्रुटी हाताळणी: पीएचपी ८.० पासून पीडीओ, तर ८.१ पासून मायएसक्यूएलआय डेटाबेसच्या त्रुटीवर ‘अपवाद’ निर्माण करतो. पूर्वी नकळत दुर्लक्षित राहणारी चूक आता आज्ञावली थांबवू शकते.

देवनागरी नोंदी

यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते. ‘वाकोला’ या उपकरणनावात स्वरचिन्हांसह सहा चिन्हे, म्हणजे १८ बाइट असतात. जुनी प्रणाली हे बाइट ‘लॅटिन-१’ जोडणीतून तसेच साठवत असल्यास नाव पडद्यावर योग्य दिसते. नव्या आवृत्तीने जोडणी यूटीएफ-८ केल्यास तेच नाव १८ असंबद्ध अक्षरांसारखे उमटते. याउलट, योग्यरीत्या साठवलेले नाव लॅटिन-१ जोडणीतून वाचल्यास सहा प्रश्नचिन्हे दिसतात. अशा स्थितीत नोंद पुन्हा जतन केल्यास मूळ नाव कायमचे नष्ट होऊ शकते.

निवारण

प्रथम डेटाबेस आणि आलेखांच्या संचिकांची प्रत काढून ठेवतात. त्यानंतर वेब सर्व्हर व आज्ञारेषा यांवरील पीएचपी आवृत्ती आणि विस्तार स्वतंत्रपणे तपासतात, कारण दोहोंच्या मांडणी संचिका वेगळ्या असू शकतात. वेब पृष्ठ उघडले तरी पोलर बंद असणे यामुळेच संभवते. मग प्रणालीच्या खात्यानेच डेटाबेसमध्ये थेट प्रवेश करून पाहतात. प्रवेश मिळाला नाही, तर दोष डेटाबेस सेवेत, परवलीच्या शब्दात किंवा अधिकारांत शोधावा लागतो; मिळाल्यास शोध पीएचपी व प्रणालीच्या मांडणीपुरता मर्यादित होतो. शेवटी पोलर त्याच्या नेहमीच्या वापरकर्ता खात्यातून हाताने चालवून त्रुटी नोंदवही पाहतात. प्रणाली नव्या भाषेशी सुसंगत नसल्यास तिची सुधारित आवृत्ती बसवणे किंवा तात्पुरते जुन्या पीएचपीकडे परतणे हे पर्याय उरतात.

पृष्ठ उघडणे हा दुरुस्तीचा पुरेसा पुरावा नसतो. आलेखात नवी नोंद उमटली आणि चाचणीसाठी मुद्दाम दिलेला इशारा पोहोचला, तरच देखरेख पूर्ववत झाली असे मानले जाते.