बतावणी : दोन तोंडांनी रचलेला प्रवेश

‘नसती बतावणी करू नको’ असं आपण ढोंग करणाऱ्याला सुनावतो. शब्दाचं मूळ मात्र साधं आहे. हिंदीतलं ‘बताना’, म्हणजे सांगणं, दाखवणं. बैठकीच्या लावणीत भाव बतावतात तेही हेच. तमाशाने या शब्दाला स्वतंत्र जागा दिली. गण झाला, गवळण झाली की सरदार आणि सोंगाड्या समोरासमोर येतात आणि हातात कागद नसताना प्रवेश रचू लागतात.

खानदेशात तो कसा रचला जाईल, पाहा. सरदार विचारतो, ‘कथा जाई ऱ्हायना भाऊ?’ अहिराणीत ‘कथा’ म्हणजे ‘कुठे’. सोंगाड्या मुद्दाम वेगळं ऐकतो : ‘कथा? पहिले चा पाज, मंग कथा सांगसू!’ एवढ्यात सगळं आलं. एकाला पत्ता हवा, दुसऱ्याला चहा, आणि मध्ये एक शब्द अडून बसलेला. आता सरदाराने ‘तसं नाही रे’ म्हणून विषय मिटवला तर प्रवेश तिथेच मेला. त्याने खिसे चाचपायला सुरुवात केली, तर पुढची दहा मिनिटं हाताशी आली. समोरच्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही या विद्येची खरी मेख. म्हणून तिला जोडी लागते. धोंडू-कोंडू सिंदखेडकर, भिका-भीमा सांगवीकर ही खानदेशी फडांची नावंसुद्धा जोडीचीच आहेत.

ही रीत बतावणीपुरती नव्हती. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा पदं बांधलेली होती, पण गद्य भाषणं नट आयत्या वेळी रचत. उमा बाबाजी सावळजकरांचा १८६५चा ‘मोहना बटाव’ हा तमाशातला पहिला वग मानतात. वगातही कथेचा सांगाडा ठरलेला असे. संवाद पुष्कळसे उभ्या उभ्याच जुळत. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’त दादा कोंडके तेच करत. संहिता एक, आणि प्रयोग रोज नवा.

शिकागोच्या व्हायोला स्पोलिन यांनी १९६३ साली असेच उत्स्फूर्त खेळ नटांसाठी पुस्तकात बांधून दिले. ते आपल्या शिबिरांत शिकवतात, जरूर शिकवावेत. पण शिकवताना बतावणीचं नावही निघत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जळगाव-धुळ्याची पोरं एकांकिका लिहायला बसतात, तेव्हा त्यांना माझी एकच विनंती असते : आधी उठा. दोघांनी घरच्या अहिराणीत बोलायला लागायचं, तिसऱ्याने वही धरायची. चौथा-पाचवा भिंतीला टेकून ऐकेल. तो ज्या वाक्याला हसला किंवा एकदम गप्प झाला, तेवढंच वाक्य वहीत उतरवायचं. मग जोडी बदलायची आणि त्याच वाक्यापासून पुन्हा सुरू करायचं.